शब्दचर्चा: जुना रेडिओ ‘दुरुस्त’ करायचा की त्याचा ‘जीर्णोद्धार’?

नाशिकरोड (प्रश्न)
नमस्कार मंडळी. जुने व्हॉल्वचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ, स्पूलचे टेपरेकॉर्डर, तबकडीचे प्लेअर असलं सगळं हाताळणारे आम्ही काही नाशिककर एकत्र येतोय. गाडी नावापाशी अडली आहे. ‘रिस्टोरेशन’ला मराठीत काय म्हणायचं? ‘दुरुस्ती’ लिहिलं तर लोक मिक्सर घेऊन येतील. ‘जीर्णोद्धार’ एकाने सुचवला, पण बाकीच्यांना त्यात देवळाची घंटा ऐकू येते. दुसरं म्हणजे, बिघाड सांगताना प्रत्येकाची भाषा वेगळी. त्यावरही बोला.

पंचवटी
जीर्णोद्धार नकोच. आमच्याकडे हा शब्द निघाला की मागोमाग पावतीपुस्तक निघतं. आणि अर्थही जुळत नाही. जीर्णोद्धारात जुना दगड काढून नवा बसवला, वरून ऑइलपेंट मारला तरी कोणी हरकत घेत नाही. तुम्ही मर्फी रेडिओच्या लाकडी पेटीचं मूळ पॉलिश घासून वर चकचकीत मेलामाइन मारलंत, तर सेटची अर्धी किंमत तिथेच गेली. ‘डागडुजी’ म्हणजे तात्पुरतं ठिगळ. ‘दुरुस्ती’ म्हणजे बिघाड काढला, विषय संपला. ‘जतन’ म्हणजे आहे ते आहे तसं राखलं, मग वाजो न वाजो. तुमचं काम दुरुस्ती आणि जतनाच्या मधलं दिसतंय.

सिडको
‘पुनरुज्जीवन’ का नको?

पंचवटी
भाषणात छान आहे हो. ‘आज संध्याकाळी बुश रेडिओचं पुनरुज्जीवन केलं’ असं घरी कोण सांगणार?

मेन रोड (जुना मेकॅनिक)
नाव काहीही ठेवा, मला दुसऱ्या प्रश्नात रस आहे. ‘रेडिओ गेलाय’ म्हटल्यावर मेकॅनिकने काय समजायचं? आवाजाचा शब्द सांगा. मराठीत ते आयते पडलेत.

‘गुणगुण’: व्हॉल्यूम पार खाली केला तरी एकसुरी घुमत राहते. बहुतेक वेळा फिल्टर कंडेन्सर (आतल्या वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणारा भाग) सुकलेला. आपली वीज 50 हर्ट्झची, पण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) दोन्ही अर्धलहरी घेणारा असला की ही गुणगुण 100 हर्ट्झला येते, म्हणजे जरा वरच्या सुरात. कानाला तो फरक कळायला लागला की अर्धं निदान झालं.

‘खरखर’ म्हणताना ती कधी येते तेही सांगा. व्हॉल्यूम फिरवताना आली तर आतली कार्बनपट्टी मळली किंवा झिजली. स्टेशन लावताना आली तर गँगच्या (स्टेशन बदलणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या) पात्यांत धूळ बसली किंवा पाती एकमेकांना घासतायत. बाहेरची खरखर निराळी, ती शेजारच्या एलईडी दिव्याची असू शकते. मीडियम वेव्हवर हल्ली ती फार ऐकू येते. ‘फटफट’ हा तर नामी शब्द, स्पीकरमध्ये फटफटी चालू झाल्यासारखं वाटतं. पुन्हा बघायचे ते पुरवठ्याचे कंडेन्सरच. (हो, आम्ही कंडेन्सरच म्हणतो. पोरं कपॅसिटर म्हणतात. वस्तू एकच.)

फक्त ‘कंडेन्सर गळतो’ या बोलण्याने नवखा फसतो. तो खाली ओलं शोधत बसतो. जुन्या कागदी कंडेन्सरमधून थेंब पडत नाही, नको तिथे करंट झिरपतो. आउटपुट व्हॉल्वच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्वच्या) ग्रिडवरचा, म्हणजे आतल्या जाळीला जोडलेला, असा गळका निघाला की व्हॉल्व लाल होईपर्यंत तापतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. म्हणून माळ्यावरून काढलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नका. आधी सिरीजला, म्हणजे वीज बल्बातून सेटकडे जाईल असा, 60 वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा, भगभगीत पेटून राहिला तर बंद करा. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरात दोनशेच्या वर व्होल्ट टिकून असतात. रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

भांडी बाजार
एक भर. सोल्डरिंगला जुना शब्द ‘झाळणे’ किंवा ‘डाख देणे’. तांबटांच्या घरात तो अजून जिवंत आहे. आमची कल्हई म्हणजे कथील; तुमचं सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं. 63 ला 37 या प्रमाणात असलं की 183 अंश सेल्सिअसला वितळतं. पण भांड्याला चालतो तो नवसागर रेडिओच्या टाक्याला लावू नका, तांब्याची तार हिरवी पडून खाल्ली जाते. तिथे राळ. सोल्डरच्या तारेच्या पोटात असते ती हीच.

सिडको
मग ‘रेडिओ झाळला’ म्हणू?

भांडी बाजार
घरच्यांना ‘जाळला’ ऐकू येईल.

नाशिकरोड
मजा आली. ‘वाजता करणे’ कसं वाटतं? ‘बोलता करणे’च्या धर्तीवर. ‘जुने सेट वाजते करणारे’. आणि ‘मंडळ’ नको, लगेच अध्यक्ष आणि खजिनदार ठरवावे लागतील. ‘कट्टा’ ठेवू.

पंचवटी
‘वाजता करणे’ झकास. त्यात मूळपण राखायची अट येत नाही एवढं ध्यानात असू द्या. नवा ब्लूटूथ बोर्ड आत कोंबूनही सेट वाजताच होतो. ती अट खाली वेगळ्या ओळीत लिहा: काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून मालकाला परत.

देवळाली
आणि माझा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही? तो काय ‘दिसता करणार’?

मेन रोड (जुना मेकॅनिक)
आणा की. येताना वर चिठ्ठी चिकटवा: कसला आवाज, कधी येतो, आणि इतक्यात कोणी प्लग लावून पाहिला का. तिसऱ्याचं उत्तर खरं लिहा.