मदत हवी आहे: ऑटिझम आहे हे कुणी मानतच नाही, काय बोलू?

कोपऱ्यातली_खुर्ची:
रिपोर्ट हातात आहे. ऑटिझम असं स्पष्ट लिहिलंय, खाली सही-शिक्का. तरी दादा म्हणतो, "हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची फॅशन आलीये." आईचं पालुपद, "लहानपणी सगळं वेळेवर झालं. चालणं, बोलणं, वाचन तर आधीच." वहिनीचं तिसरंच, "सगळेच थोडेफार तसे असतात." त्यात शुक्रवारी बैठक आहे, तिथेही हेच ऐकावं लागणार. असं एखादं वाक्य सुचवा की समोरच्याने वादच घालू नये. ऑटिझम म्हणजे काय ते समजावू नका, माहीत आहे. जरा घाई आहे.

धावती_भेट:
धीर धरा. मूल केवढं आहे? स्पीच थेरपी सुरू केलीत का? आमच्या भाचीला ऑक्युपेशनल थेरपीने खूप फरक पडला. झोका आणि वजनदार पांघरूण, आजपासून सुरू करा. शाळेतल्या बैठकीला जाताना त्याच्या वह्या सोबत न्या.

कोपऱ्यातली_खुर्ची:
मूल कुठून आलं? रिपोर्ट माझा आहे. वय ३६. बैठक ऑफिसात.

धावती_भेट:
अच्छा, मला वाटलं आई लिहितेय. पांघरूण मोठ्यांनाही चालतं.

हिशेबनीस:
मग दादा-वहिनींचा बैठकीशी काय संबंध? आणि बैठक कशासाठी? तुम्ही नेमकं काय मागितलंय ते लिहिलंच नाहीये.

कोपऱ्यातली_खुर्ची:
दादा घरी, ऑफिस वेगळं. दोन्हीकडे एकच रड म्हणून एकत्र लिहिलं. ऑफिसात जागा बदलून मागितलीये. आत्ताची प्रिंटरला लागून आहे आणि डोक्यावरची ट्यूब सतत घूं करते. शिवाय मीटिंगचे विषय आदल्या दिवशी लेखी हवेत. मॅनेजरचं उत्तर, "तू तर प्रेझेंटेशन किती छान देतेस, डोळ्यांत बघून बोलतेस, तुला कसला ऑटिझम?"

मी डोळ्यांत बघत नाही. दोन भुवयांच्या मधे बघते, मनात चार मोजते, खिडकीकडे बघते, परत भुवया. समोरच्याला पत्ता लागत नाही. प्रेझेंटेशनमधलं प्रत्येक वाक्य, मधला विनोदसुद्धा, आदल्या रात्री आरशासमोर घोटलेलं असतं. घरी आले की दिवा न लावता बाथरूमच्या फरशीवर बसून राहते, घरात तेवढी एकच खोली शांत आहे. ते कुणी पाहिलेलं नाही.

स्पष्टवक्ता:
राग मानू नका, पण मॅनेजरचं चुकलं कुठे? चारचौघांसारखं वागता येतंय, तर अडतंय कुठे? रील बघून बघून आजकाल जो तो ऑटिस्टिक. ऑनलाइन पन्नास प्रश्न सोडवले की झालं निदान.

जुनी_ओपीडी:
स्पष्टवक्ता, धागा वाचा आधी. बाईंकडे रिपोर्ट आहे. पन्नास प्रश्नांची ती चाचणी, एक्यू, २००१ सालची. ती नुसती चाळणी आहे, तिच्यावरून निदान करत नाहीत.

"अडतंय कुठे" याचं उत्तर निकषांतच आहे. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ पासून लिहिलंय की लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, पण माणसाकडून जेवढी अपेक्षा असते ती झेपेनाशी होईपर्यंत ती पुरती दिसणार नाहीत, किंवा पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील. भुवयांच्या मधे बघणं ही तसलीच युक्ती. आवाज-उजेड असह्य होणं हेही त्याच वर्षी निकषांत आलं. त्यामुळे ट्यूबची तक्रार म्हणजे नखरे नव्हेत.

आणि वहिनींना सांगा, दम सगळ्यांनाच लागतो, म्हणून कुणाला दमा नसतोच असं थोडंच आहे!

स्पष्टवक्ता:
निकष दर काही वर्षांनी बदलतात. उद्या तुम्ही-आम्ही सगळे त्यात.

जुनी_ओपीडी:
बदलतात, कारण आधीचे तोकडे पडतात. २०१३ च्या आधी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आणि ऑटिझम ही दोन्ही निदानं एकाच माणसाला द्यायची नाहीत असा नियम होता. दोन्ही असलेली माणसं तेव्हाही होती, अर्धंच निदान घेऊन घरी जायची.

रोजचा_रस्ता:
लिहू की नको करत होतो. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बोलत नाही. आंघोळ आम्ही घालतो, रात्री दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली. तुम्ही नोकरी करता, इथे एवढं मुद्देसूद लिहिता. दोघांनाही एकच नाव दिलं की नातेवाईक मला येऊन सांगतात, "बघा, प्रयत्न केला तर जमतं." तुमच्या दादाचा सूर चुकीचा असेल, पण तो कुठून येतो ते मला कळतं.

कोपऱ्यातली_खुर्ची:
तुमच्या मुलाच्या वाट्याचं मी काही मागत नाहीये. प्रिंटरपासून लांब खुर्ची मागतेय.

जुनी_ओपीडी:
रस्ता यांचं म्हणणं खोटं नाही. मदतीच्या गरजेनुसार तीन स्तर केलेत, पण बोलताना ते कुणी सांगत नाही आणि अंतर पुसलं जातं. त्याचा राग मात्र खुर्ची यांच्यावर काढू नका.

रद्दी_डेपो:
थोडं अवांतर. फॅशन म्हणणाऱ्यांसाठी. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरचा ऑटिझमवरचा गाजलेला लेख १९४३ चा, त्यात ११ मुलं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. हा गृहस्थ पुढे बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, एकटा देशोदेशी फिरायचा. २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला. म्हणजे नोकरी करणारा ऑटिस्टिक माणूस नोंदीत पहिल्याच नंबरावर आहे. आणि कॅनरच्याही आधी, १९२५ मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरीणबाईंनी अशा मुलांचं वर्णन करून ठेवलं होतं. त्यांचं नाव कुणी घेत नाही, तो वेगळा धागा होईल.

रोजचा_रस्ता:
ट्रिपलेटच्या मागे पैसेवालं घर आणि सांभाळून घेणारं अख्खं गाव होतं, तेही लिहा की.

रद्दी_डेपो:
मान्य. तेही खरंच आहे.

हिशेबनीस:
शुक्रवार राहिला बाजूला. खुर्ची, वाद मिटवणारं वाक्य मिळणार नाही, त्याचा नाद सोडा. ऑफिसात ऑटिझम पटवून द्यायला बसलात की समोरचा परीक्षक होतो. तुम्हाला खुर्ची हवीये, खुर्चीबद्दलच बोला. "प्रेझेंटेशन छान होतं कारण मी ते आधी तयार करते. विषय आधी मिळाले तर मीटिंगही तशीच होईल. जागा बदलली तर कामात चुका कमी होतील. निदान डॉक्टरांनी केलंय, त्यावर आज चर्चा नको." एवढंच. आणि हे आदल्या दिवशी मेलवर पाठवा, म्हणजे आयत्या वेळी तोंडी बोलावं लागणार नाही.

गुपचूप:
मी तर ऑफिसात सांगितलंच नाही. उजेडाने डोकं दुखतं म्हटलं, दुसऱ्या दिवशी जागा मिळाली. एकदा नाव सांगितलं की बढतीच्या वेळी बरोबर आठवतं लोकांना.

हिशेबनीस:
त्यांनी आधीच सांगून टाकलंय. आता डोकेदुखी म्हटलं तर खोटारड्या ठरतील.

गुपचूप:
पुढच्या वाचणाऱ्यांसाठी लिहिलं हो.

जुनी_ओपीडी:
घरचं राहिलं. निदानाच्या वेळी लहानपणाची माहिती कुणी दिली होती?

कोपऱ्यातली_खुर्ची:
आईनेच. फोनवर बराच वेळ बोलली. पाहुणे आले की मी कपाटात जाऊन बसायचे, मोज्याची शिवण बोटांवर आली की रडून गोंधळ घालायचे, वर्गातल्या एका मुलीची बोलायची ढब जशीच्या तशी उचलली होती. मला यातलं निम्मं आठवतही नव्हतं. आणि आता म्हणते काही नव्हतंच.

जुनी_ओपीडी:
मग रिपोर्टमधला तो भाग वाचलाय का त्यांनी?

कोपऱ्यातली_खुर्ची:
नाही. दादाने शेवटचं पान उघडलं, निष्कर्ष वाचला आणि मिटवून ठेवला. आईने तेवढंही नाही.

जुनी_ओपीडी:
तो भाग काढून त्यांच्या हातात द्या. फक्त तेवढीच पानं. दादा खोलीत नसताना.

स्पष्टवक्ता:
आईवर दोष ढकलायचा प्रकार आहे हा.

धावती_भेट:
दोष कुठे दिसला तुम्हाला? तिने सांगितलेलंच तिला वाचायला देतायत.

कोपऱ्यातली_खुर्ची:
शुक्रवारचं सांगते. हिशेबनीस यांचा मजकूर थोडा फिरवून आदल्या दिवशी पाठवला. मॅनेजर "पण तू तर" म्हणून सुरू झाले, एचआरने थांबवलं आणि मेल उघडा म्हणाली. जागा सोमवारपासून खिडकीपाशी. लेखी विषयांचं "बघू". आईला पानं दिलीत. वाचली, मग विचारलं, "मोज्यांचं अजूनही होतं का?" हो म्हटलं. दादाशी सध्या या विषयावर बोलत नाही.

हिशेबनीस:
"बघू" चा मेल करून ठेवा. तारीख राहते.