शब्दचर्चा : जुन्या अमेरिकन आरमाराच्या गोष्टीतला ‘टॉर्पेडो’ म्हणजे पाणतीर का?

सागरगोटा
मंडळी मदत करा. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या पाणबुड्या आणि चिलखती जहाजांवर मराठीत एक लेख लिहायला घेतलाय आणि टॉर्पेडोपाशी येऊन गाडी अडलीये. मराठी प्रतिशब्द बघितला तर पाणतीर. पण मूळ मजकुरात म्हटलंय की १८६४ साली बंडखोर दक्षिणेतल्या मोबाइल बे या खाडीच्या तोंडाशी टॉर्पेडो ‘नांगरून ठेवले होते’ आणि अमेरिकन नौदलाचा तो ॲडमिरल फॅरागट ओरडतो की टॉर्पेडो गेले खड्ड्यात, पुढे चला. आता तीर नांगरून कसा ठेवणार? आणि पुढच्याच पानावर हनली नावाची पाणबुडी टॉर्पेडो ‘टोचून’ जहाज बुडवते. काय लिहू?

खारेवारे
पहिल्या ठिकाणी पाणसुरुंग लिहा ताई, डोळे झाकून. त्या काळच्या अमेरिकन लिखाणात टॉर्पेडो म्हणजे पाण्याखाली फोडायचा स्फोटक दारूचा डबा, पिंप, काय वाट्टेल ते, तो हलतो की एका जागी बसतो याच्याशी शब्दाला काही देणंघेणं नव्हतं. ५ ऑगस्ट १८६४ ला फॅरागटचा ताफा मोबाइल बेमध्ये घुसला तेव्हा पुढच्या चिलखती जहाजांपैकी टेकम्सी अशाच एका नांगरलेल्या टॉर्पेडोवर गेलं आणि दोनचार मिनिटांत तळाला, नव्वदच्या वर माणसं गेली. मागची जहाजं बिचकून रेंगाळायला लागली, बाजूला फोर्ट मॉर्गनच्या तोफा धडाडतायत, आणि हा साठी ओलांडलेला माणूस डोलकाठीच्या दोरखंडांत वर चढून उभा, तिथून तो म्हणे हे बोलला. नेमकं काय बोलला त्यावर वाद आहेत ते सोडा. बरेचसे सुरुंग पाण्यात राहून राहून निकामी झाले होते म्हणून बाकीचा ताफा सुखरूप आत गेला.

बाकी ‘सुरुंग गेले खड्ड्यात’ हे मराठीत फारच जमलंय, नाहीतरी ते खड्ड्यातच असतात.

पोफळी
थोडं अवांतर. टॉर्पेडो हे मुळात माशाचं नाव. आपल्या पाकटाच्या नात्यातला, अंगात वीज असलेला मासा, हात लागला की झिणझिण्या, आणि त्या नावामागचं लॅटिन क्रियापद म्हणजे बधिर होणं. पाण्याखालच्या दारूला हे नाव रूढ केलं रॉबर्ट फुल्टनने, तोच तो वाफेच्या बोटीवाला, १८१० मध्ये त्याने या विषयावर पुस्तिकाही काढली. 

पण वस्तू त्याच्याही आधीची. डेव्हिड बुशनेलची टर्टल ही पाणबुडी, १७७६, न्यूयॉर्क बंदर. ओकच्या लाकडाची, आत जेमतेम एक माणूस, एका हाताने बोट पुढे ढकलणारा पंखा फिरवायचा, दुसऱ्या हाताने सुकाणू सांभाळायचं, खाली जायचं तर पायाने झडप दाबून पाणी आत घ्यायचं आणि वर यायचं तर पंप मारत बसायचं. आत मेणबत्ती लावली तर असलेली हवा संपणार, म्हणून होकायंत्राच्या काट्याला अंधारात चमकणारी कुजक्या लाकडावरची बुरशी लावली होती! (मला सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात आवडतं.) एझ्रा ली नावाचा सार्जंट ती घेऊन इंग्रजांच्या ईगल जहाजाखाली गेला, तळाला गिरमिटाने भोक पाडून घड्याळ लावलेला दारूचा डबा अडकवायचा बेत होता, पण गिरमिट काही घुसलं नाही आणि शेवटी डबा सोडून देऊन पळावं लागलं. अमेरिकन लोक हे मोठ्या अभिमानाने सांगतात, इंग्रजांच्या नोंदींत मात्र त्या हल्ल्याचा मागमूस नाही.

जुना खलाशी
हनलीवाल्या वाक्यात पाणतीर नको आणि पाणसुरुंगही नको. ते प्रकरण तिसरंच आहे. बोटीच्या नाकाला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला दारू, काठीला फटाका बांधून शेजाऱ्याच्या दाराला लावावा तसला कारभार. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनच्या बाहेर हनलीने हाउसाटॉनिक असंच बुडवलं. आत आठ माणसं, एक कप्तान आणि सात जण हाताने दांडी फिरवून पंखा चालवणारे. हाउसाटॉनिकवरचे पाच मेले, हनली स्वतः परत आलीच नाही, आठही जण गेले. त्याआधी चाचण्यांमध्येच ती दोनदा बुडून तेरा माणसं गेली होती, त्यात ज्याच्या नावावर बोट आहे तो हनलीही होता, आणि तरी लोक स्वतःहून आत बसायला तयार होते, काय म्हणावं.

आता तुमचं ‘टोचून’. जुनी समजूत अशी की काटेरी टोक जहाजाच्या लाकडात रुतवायचं, बोट मागे घ्यायची आणि लांबून दोरी ओढून बार उडवायचा. पण हनली २००० साली वर काढली, दांडा साफ करताना टॉर्पेडोच्या तांब्याच्या कवचाचा तुकडा टोकाला तसाच बोल्टने जोडलेला मिळाला, ते २०१३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे ६० किलोच्या वर दारू फुटली तेव्हा बोट जेमतेम दांड्याच्या लांबीवर, वीस फुटांच्या आत होती. त्यामुळे ‘टोचून’ नको, ‘टेकवून’ लिहा.

शंकेखोर
एक बारीक मुद्दा. हनली ही अमेरिकन नौदलाची पाणबुडी नाही बरं का, ती बंडखोर दक्षिणेची, तिने बुडवलं ते जहाज अमेरिकन नौदलाचं. मराठीत सर्रास ‘अमेरिकन नौदलाची हनली’ असं ठोकून देतात. नौदलाची स्वतःची पहिली पाणबुडी ॲलिगेटर, १८६२, फिलाडेल्फियात बांधलेली, डिझाइन फ्रेंच माणसाचं, आधी चक्क वल्ही होती तिला, मग पंखा बसवला. एप्रिल १८६३ मध्ये दोरीने ओढून नेताना केप हॅटरासपाशी वादळात सापडली, दोर कापावा लागला आणि गेली.

सागरगोटा
बाप रे, छानच. मग पाणतीर कधीपासून लिहायचा? का तो शब्द टाकूनच देऊ?

खारेवारे
टाकू नका, चांगला शब्द आहे. जो स्वतःच्या जोरावर पाण्यातून धावतो तो पाणतीर. याची सुरुवात १८६६ ला, रॉबर्ट व्हाइटहेड नावाचा इंग्रज इंजिनियर, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या फ्यूमे बंदरात. अमेरिकनांनी १८६९ ला न्यूपोर्टला टॉर्पेडो स्टेशन काढलं, पुढे हॉवेल नावाच्या नौदल अधिकाऱ्याचा टॉर्पेडो वापरात आणला, त्यात एक जड चाक आधी वाफेने गरागरा फिरवून ठेवायचं आणि त्या चाकाच्या जोरावर तो पळायचा, मागे बुडबुड्यांची रेघ नाही की काही नाही. त्यातला एक २०१३ मध्ये सॅन डिएगोजवळ नौदलाच्या शिकवलेल्या डॉल्फिननी समुद्रतळावर शोधून काढला. 

मग हॉलंड. जॉन हॉलंड, आयर्लंडहून आलेला शाळामास्तर, त्याची पाणबुडी नौदलाने एप्रिल १९०० मध्ये दीड लाख डॉलरला घेतली. चोपन्न फुटांची बोट, वर असताना पेट्रोल इंजिन, खाली बॅटरीवर, आणि पुढे एक नळी. त्या नळीतून सुटतो तो पाणतीर, तिथे बिनधास्त लिहा.

शंकेखोर
म्हणजे लेखात एकाच टॉर्पेडोचे तीन शब्द होणार. वाचणाऱ्याला कळायचं कसं की मूळ शब्द एकच आहे? मी असतो तर सगळीकडे टॉर्पेडोच ठेवला असता.

पोफळी
पहिल्यांदा एकदा सांगून टाकायचं की झालं. सगळीकडे टॉर्पेडो ठेवला तर फॅरागटवर पाणबुडीतून मारा चालू होता असंच लोकांना वाटणार, अशी वाक्यं मी छापील मराठीत वाचलीयेत.

आणि विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर जातीची युद्धनौका, विसरू नका. हा शब्द अर्धवट आहे हे कितीजणांना माहीत असतं? कुणाचा विनाश? धावणारे टॉर्पेडो आल्यावर ते डागणाऱ्या छोट्या चपळ बोटी आल्या, अमेरिकेची पहिली महत्त्वाची कुशिंग, १८९० ची. त्यांना मारायला जी जहाजं निघाली ती टॉर्पेडो-बोट-विनाशक. अमेरिकेने अशी सोळा १८९८ मध्ये मंजूर केली, त्यातलं बेनब्रिज १९०२ ला दाखल झालं. पुढे नाव लांबलचक वाटायला लागलं, पुढचं गळलं आणि नुसतं विनाशक राहिलं. आपण ते उचललं तेव्हा शेपूटच उचललं.

सागरगोटा
ठरलं. मोबाइल बेला पाणसुरुंग, हॉलंडला पाणतीर. हनलीचं तेवढं राहिलं, दांड्याला काय म्हणू? डोलकाठी? वासा?

जुना खलाशी
डोलकाठी उभी असते, ती नको. आणि वासा लिहिलात तर लोकांना घर फिरलं की वासे फिरतात तेच आठवणार. सरळ दांड्याचा टॉर्पेडो लिहा.

शंकेखोर
हनलीच्या बाबतीत वासे फिरलेच होते म्हणा. पण दांडा ठीक.