पहिलारू गाय धार काढू देत नाही, पाय बांधायचे नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. गोठ्यात दोन गाई आहेत. थोरली गावठी आणि तिचीच लेक पवळी, जर्सीच्या रेतनाची. पवळी साडेतीन वर्षांची, नऊ दिवसांपूर्वी पहिल्यांदा व्यायली. पाडी झाली. वार वेळेवर पडली, पाडीने तासाभरात उठून चीक प्यायला, तिथे काहीच अडलं नाही. अडलंय ते धारेपाशी.

धारेचं काम सासूबाईंचं. गेल्या महिन्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरून त्यांचा हात मोडला, प्लास्टर आहे. थोरलीची धार मी दोन वर्षं अधूनमधून काढते, ती कुणालाही उभी राहते. पवळीचं तसं नाही. मी कासंडी घेऊन आत शिरले की तिचे कान मागे जातात, शेपूट मांड्यांत जाते आणि ती लगेच पातळ शेण टाकते. कासेला हात लागायच्या आधीच पोटाची कातडी थरथरायला लागते. परवा लाथ बसली, कासंडी गव्हाणीला आदळली आणि दूध चिऱ्यांच्या फटींतून वाहून गेलं. पाचव्या दिवशी सकाळी दीड लिटर निघालं होतं, आज जेमतेम अर्धा. बाकीचं ती चोरते, कारण नंतर पाडी सोडली की तिच्या तोंडाला फेस येईपर्यंत पान्हा सोडते.

वाडीत सगळे म्हणतात, मागचे पाय बांध आणि दोन फटके दे. एकाने पान्ह्याचं इंजेक्शन आणून देतो म्हटलं. मला ती मारकी वाटत नाही, भ्यालेली वाटते. बांधून, मारून आज दूध निघेलही, पण पुढच्या प्रत्येक वेताला मलाच तिच्याखाली बसायचंय. कुणी न बांधता पहिलारू उभी केली असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (देवगड)

ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. भ्यालेलं जनावर पान्हा चोरतं हे त्याच्या हातात नसतं. कास चोळली, वासराने ढुशी दिली की पान्हा उतरतो, आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो. त्या वेळात भीती शिरली की दूध वरच अडतं. म्हणून आधी भीती काढा. आमची आये सांगायची, 'गायीक पयलो हात मानेक लावचो, कासेक न्हय.' चार दिवस कासंडी न घेता जा. मानेखाली खाजवा, मग पाठ, मग मांडी, मग कास. तळहात पूर्ण टेकवा, बोटांनी हळूच शिवलं तर गोमाशी बसल्यासारखं वाटतं आणि गाय लाथ झाडते. तोंडाने काहीतरी पुटपुटत राहा. रोज तीच वेळ, तीच बाजू, तेच माणूस. आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, फक्त धारेच्या वेळी द्या. तोवर कास तुंबू देऊ नका, पाडीला दिवसातून तीन-चारदा सोडा.

प्रतिसाद

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सवयीच्या आधी दुखणं बघा. कासेवर बोट दाबून खळगा राहतो का? राहत असेल तर ती व्यायल्यानंतरची सूज, पहिलारूला असतेच, दहा-पंधरा दिवसांत ओसरते, कोमट पाण्याने शेका. पण एखादं सड गरम, कडक लागत असेल तर दगडीची, म्हणजे कासदाहाची शंका. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर घ्या, गुठळ्या दिसल्या तर वाट बघू नका, 1962 वर फोन करून डॉक्टर बोलवा. आणि एक सांगा, लाथ प्रत्येक सडाला मारते की एकाच? तुम्ही धार काढता कशी, मुठीने की अंगठा दुमडून?

इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका. दूध काढण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा आहे.

प्रतिसाद

पाय बांधण्यात पाप नाही. मऊ सुती दोरी, गुडघ्याच्या वर, इंग्रजी आठासारखी, ओढली की सुटेल अशी. माणसाचं मनगट मोडण्यापेक्षा ते बरं. फटके मात्र नकोत.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्त काकांचा प्रश्न वाचून मी आज दुपारी पवळीखाली नुसती बसले आणि बघितलं. लाथ मागच्या डाव्या सडालाच आहे. त्या सडाच्या मुळाशी नखाएवढी आडवी चीर आहे. आणि हो, मी अंगठा दुमडूनच पिळत होते. थोरलीचे सड लांब, तिथे मूठ बसते. पवळीचे सड माझ्या करंगळीएवढे, मूठ बसेना म्हणून अंगठ्याचं हाड लावून ओढत होते. म्हणजे तिला रोज मी दुखवत होते आणि वर तिलाच भित्री म्हणत होते. फार वाईट वाटलं. फडक्यावर गुठळ्या नाहीत, कास गरम नाही.

प्रतिसाद (निवृत्त)

वाईट वाटून घेऊ नका, निम्म्या घरांत हेच चालतं. सड लहान आहेत तोवर अंगठा आणि तर्जनीची चिमटी करा, नखं कापा, बोटं दुधात बुडवून ओली करू नका. चिरेच्या सडाला दोन-तीन दिवस पाडीच पिऊ दे. पाजून झालं की तो सड धुऊन कोरडा करा आणि पोव्हिडोन आयोडीनमध्ये थोडं ग्लिसरीन घालून लावा. पुढच्या वेळी पाजण्याआधी ते पुसून काढा. धारेनंतर अर्धा तास गाय बसू देऊ नका, सडाचं तोंड उघडं असतं आणि पावसाळी गोठ्यात खालचा ओलावा वाईट. त्या वेळी पुढ्यात हिरवा चारा टाका.

मूळ लेखिका, सहा दिवसांनी

आधी चार दिवस कासंडी गोठ्याबाहेरच ठेवली. पाडी आधी एक मिनिट पाजून पवळीच्या तोंडाशी बांधते, म्हणजे ती तिला चाटत राहते. तीन सड चिमटीने काढले, चौथा पाडीचा. काल सकाळी सव्वा लिटर, आज दीडच्या वर. पाय बांधला नाही. शेण अजून टाकते, पण कान पुढे असतात, आणि आज मी मानेखाली खाजवायचं थांबवलं तर तिने डोकं वळवून माझा खांदा ढोसला.

आता पुढची काळजी. गणपतीला मुंबईहून चौदा माणसं येणार, पोरं गोठ्यात धावणार, फटाके, ढोल. तिची घडी विस्कटू नये म्हणून काय करू?

प्रतिसाद (देवगड)

धारेची वेळ आजपासूनच रोज थोडी अलीकडे घ्या, म्हणजे गणपतीपर्यंत घर उठायच्या आत काम उरकेल. संध्याकाळची धार आरतीच्या आधी. आणि पोरांपैकी एकालाच, तेही रोज त्याच पोराला, आंबोणाची बादली घेऊन तुमच्याबरोबर आत न्या. बाकीची दाराबाहेर.