सपाट मुलखात बसने जाऊन पायी भटकंती: गोल वाट की एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्याकडे?

पाणंद (धागाकर्ता)

सपाट शेतमुलखातल्या भटकंतीचे बेत बघितले तर बहुतेक वाटा गोल असतात. जिथून निघायचं, तिथेच परत. ही मोटारीची सवय आहे. गाडी लावली तिथे परतावंच लागतं, म्हणून वाट गोल. बसने जाणाऱ्यावर ते बंधन नाही, तरी तो तीच आखणी उचलतो आणि बसचा सर्वांत मोठा फायदा घालवून बसतो. सपाटीवर तर हे जास्तच खटकतं. डोंगरात दोन तासांत खोरं बदलतं. इथे लहान गोलात तोच कालवा आणि तीच झाडांची रांग दिवसभर समोर राहते. देखावा बदलायचा तर लांब सरकावंच लागतं.

म्हणून दोन वेगळे बसमार्ग निवडा, मध्ये पायवाटेने १२ ते १६ कि.मी. अंतर असलेले. सकाळी विरळ फेऱ्यांच्या मार्गाने जा आणि दाट फेऱ्यांच्या मार्गाकडे चालत या. दर अर्ध्या तासाला बस असेल तर तासभर उशीर झाला तरी बिघडत नाही. हेच उलटं केलं तर दिवसभर घड्याळ मानेवर बसतं.

आखणी शेवटाकडून करायची. शेवटच्या बसच्या आधीची बस ती आपली, शेवटची राखीव. तिथून चालण्याचा वेळ मागे मोजा. चालण्याचा वेळ काढायचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा नियम ताशी ५ कि.मी. आणि ६०० मीटर चढाला एक तास असा आहे. सपाटीवर चढाचा भाग गळतो आणि नुसते ताशी पाच उरतात. पण त्या पाचात विसावा, वाट शोधणं, फाटक उघडणं, काहीच धरलेलं नाही. कच्च्या वाटेवर सगळं मिळून ताशी साडेतीन धरा. १४ कि.मी.ला चार तास.

फेरी

तत्त्व पटतं, पण वेळापत्रक तसं नसतं. गावाकडच्या बस गावातल्या माणसांसाठी धावतात: सकाळी शहराकडे, संध्याकाळी गावाकडे. भटक्याला नेमकं उलट जायचं असतं. विरळ मार्गावर सकाळी शहरातून बाहेर जाणारी पहिली सोयीची फेरी बऱ्याचदा दहाच्या पुढे असते. त्यापुढे चार तास आणि दिवस लहान असला तर दाट मार्गावर पोचता पोचता अंधारतं. ती एक फेरी रद्द झाली तर बेतच गेला. दाट मार्गावरच्या एकाच थांब्यावरून गोल वाट घेतली तर यातलं काहीच अडवत नाही.

दुसरं, फोनमधली वेळ म्हणजे खरी वेळ नव्हे. बससेवा आपली माहिती बहुतेक जीटीएफएस नावाच्या रचनेत देतात. तिच्यात प्रत्येक थांब्याची वेळ नेमकी की अंदाजे हे सांगणारा रकाना आहे, पण प्रवाशाला तो सहसा दिसतच नाही. मोठ्या थांब्यांवर चालक वेळेआधी निघत नाही. मधल्या थांब्यांच्या वेळा अनेकदा दोन मोठ्या थांब्यांमधल्या अंतरावरून काढलेल्या असतात, त्यामुळे रस्ता मोकळा असेल तर बस पाच मिनिटं आधीच निघून जाते. मधल्या थांब्यावर दहा मिनिटं आधी उभं राहा आणि बस दिसताच हात दाखवा, नाहीतर ती थांबत नाही.

तळटीपाही वाचायच्या. ‘फक्त शाळेच्या दिवशी’ असं लिहिलेली फेरी सुट्टीत नसते, आणि आपण बाहेर पडतो ते नेमके सुट्टीत.

पाणंद

सकाळच्या उलट दिशेचा मुद्दा मान्य. पण सकाळी शहराकडे येणारी गाडी आदल्या रात्री गावात मुक्कामी नसेल, तर ती पहाटे शहरातून गावाकडे जातेच. ती प्रवासी घेते की रिकामी जाते, एवढंच विचारून घ्यायचं. शिवाय विरळ मार्ग म्हणजे दिवसातून दोनच फेऱ्यांचा मार्ग असं मी म्हणत नाही. चार फेऱ्या असल्या तरी पुरतं, कारण तिथे फक्त उतरायचं आहे. आणि शेवट दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर करा. तिथे दोन्ही दिशांना दिवसभर बस असतात.

होकायंत्र

दोघंही नकाशावर सरळ रेषा ओढून बोलताय. सपाट मुलखात वाट चालणारा ठरवत नाही, पाणी ठरवतं. निचऱ्याच्या जमिनीत दर काही शे मीटरवर चर असतो. तीन मीटर रुंदीचा चर भरला की तो ओलांडता येत नाही आणि पुढचा साकव दोन कि.मी.वर असू शकतो. आखणी साकवांवरून करायची: आधी नकाशावर पाणी ओलांडण्याच्या सगळ्या जागांवर खूण, मग त्या जोडणारी वाट. १:२५,००० चा नकाशा घ्या, त्यात ४ सें.मी. म्हणजे १ कि.मी. १:५०,००० वर लहान साकव आणि शेतांच्या हद्दी हातून निसटतात.

डोळ्यांवरही विसंबू नका. उभ्या माणसाचं क्षितिज सुमारे साडेचार कि.मी.वर असतं, पण ३० मीटर उंचीचा मनोरा स्वच्छ हवेत २० कि.मी.वरूनही दिसू शकतो. तो जवळ वाटतो आणि तासभर चाललं तरी तेवढाच दिसतो. अंतर पावलांनी मोजा. एकाच पायाची पावलं मोजली तर १०० मीटरला साधारण ६० ते ६५ पडतात.

होकायंत्राने साकव गाठायचा असेल तर मुद्दाम बाजूला नेम धरा. ५ अंशांची चूक म्हणजे एका कि.मी.त सुमारे ८७ मीटर. थेट साकवाकडे नेम धरला आणि चरापाशी साकव दिसला नाही, तर डावीकडे वळायचं की उजवीकडे हे कळत नाही. दीडशे मीटर डावीकडे नेम धरला तर उजवीकडेच वळायचं हे नक्की.

म्हणून मी गोल वाटेच्या बाजूने. दहाव्या कि.मी.वर साकव तुटलेला निघाला तर सरळ रेषेवाल्याला दहा कि.मी. मागे, तेही विरळ टोकाकडे. गोलावर कुठूनही थांबा फार लांब नसतो.

पाणंद

याला उपाय आहे. रेषा बसच्या रस्त्याला आडवी न धरता समांतर धरा, दोन-तीन कि.मी. अंतर ठेवून. म्हणजे रस्त्याकडे जाणारी प्रत्येक आडवाट शिडीच्या पायरीसारखी सुटकेची वाट होते. प्रत्येक आडवाटेपुढे जवळच्या थांब्याचं नाव आणि बसची वेळ कागदावर लिहून ठेवा. फोनची बॅटरी उन्हात किंवा थंडीत दगा देते.

चाकोरी

मधला मार्ग: मोटार दाट मार्गावरच्या थांब्यापाशी लावा, सकाळी बसने पुढे जा, चालत गाडीकडे या. शेवटी बसची वाट बघणं नको.

फेरी

मग चालायची दिशा पुन्हा गाडीच ठरवणार. वारा बदलला, पाय दुखला, दुसऱ्या मार्गाची बस जवळ आहे, तरी गाडीकडेच जायचं. धाग्याचा विषयच मोटारीविना असा आहे.

टाच

१६ कि.मी. हा आकडा इतक्या सहज देऊ नका. सपाट म्हणजे सोपं, हा गैरसमज आहे. चढ-उतारावर पायाचा कोन बदलत राहतो, भार कधी टाचेवर, कधी चवड्यावर. सपाटीवर प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच. एका कि.मी.ला साधारण १४०० पावलं धरली तर १४ कि.मी.ला वीस हजारांच्या आसपास, आणि सगळं घर्षण त्याच जागी. गरम टोचल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं, मोजा काढून जागा कोरडी करायची आणि चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावायची. फोड आल्यावर लावण्यात अर्थ नाही.

डांबरावर पोटऱ्या आणि नडग्या लवकर भरून येतात. रस्त्याला कडेकडे उतार असतो, म्हणून एकाच कडेने चालत राहिलं तर एक पाय सतत खाली पडतो. तरी समोरून येणारी वाहनं दिसतील अशाच कडेने चाला. फक्त आंधळ्या वळणावर, आतल्या कडेने असाल, तर आधीच ओलांडून बाहेरच्या कडेला जा.

चिकणमाती ओली असेल तर वेग ताशी अडीचवर येतो. बुटाला चिकटलेला चिखल प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. पावसानंतर दोन दिवस बांधावरच्या गवतातून जाणारी वाट निवडा, नांगरलेल्यातून नको. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी १२ कि.मी.च्या वर जाऊ नये, वाट गोल असो वा सरळ.

उभंपीक

नकाशावरची वाट जमिनीवर असेलच असं नाही, याबद्दल कुणी बोललं नाही. हक्क देशागणिक वेगळे. इंग्लंडमध्ये शेताच्या मधून जाणारी नोंदणीकृत पायवाट पेरणीसाठी नांगरली तर शेतकऱ्याने ती १४ दिवसांत किमान १ मीटर रुंद करून द्यायची असते. तरी ते १४ दिवस ती ढेकळांतच असते. स्वीडनमध्ये मुक्त संचाराचा हक्क मोठा आहे, पण पेरलेल्या शेतातून जायचा हक्क त्यात नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये सपाट भागात पायवाटांच्या फाट्यांवर क्रमांकांच्या खांबांचं जाळं आहे. तिथे ‘२३–४१–१८’ असे आकडे लिहून घेतले की वाट झाली आणि गोल की सरळ हा वाद वाटेतच बदलता येतो.

गटाने जाणाऱ्यांनी गाडीचा आकारही बघावा. नेदरलँड्समधल्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘ब्यूर्टबस’मध्ये आठच प्रवासी मावतात. दहा जणांचा गट विरळ टोकाकडे जाऊच शकत नाही. तिथे फेरी यांचं म्हणणं खरं.

फेरी

वाऱ्याचं राहिलं. उघड्या सपाटीवर आडोसा नसतो. ताशी ३० कि.मी.चा वारा चार तास तोंडावर घेतला तर वेळेचं सगळं गणित चुकतं. पाणंद यांच्या रेषेची दिशा बस ठरवते, वारा नाही. गोलावर निदान पहिला अर्धा भाग वाऱ्याविरुद्ध आणि थकल्यावर वारा पाठीशी, असं ठरवता येतं.

विजेचंही तेच. मोकळ्या शेतात सर्वांत उंच आपणच असतो. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज १० कि.मी.च्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं. एकट्या झाडाखाली नाही, आणि तीन बाजूंनी उघड्या थांब्याच्या शेडमध्येही नाही. बस आली की तीत बसणं सुरक्षित. म्हणून वादळी दिवसांत थांब्यापासून तासाभराच्या आत राहा, आणि ते गोलावरच जमतं.

पाणंद

वादळाचा अंदाज असेल त्या दिवशी गोल वाट, हे मान्य. वाऱ्याचं नाही. दोन्ही टोकांना बऱ्यापैकी बस असतील तर आदल्या रात्री अंदाज बघून रेषा उलटी करता येते, फक्त वेळा दोन्ही दिशांच्या लिहून ठेवायच्या. शेवटच्या थांब्याची बाजूही त्यातच टिपा. अनेक ग्रामीण रस्त्यांवर खांब एकाच कडेला असतो आणि परतीची बस समोरच्या, काहीच खूण नसलेल्या कडेला थांबते.