शनिवार की रविवार? शब्बाथबद्दल विचारणा आणि आलेली उत्तरं

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,
लंडनमधल्या आपल्या संमेलनाचा वार ठरवताना ख्रिस्ती सभासदांकडून दोन सूचना आल्या. एक म्हणते रविवार नको, उपासना असते. दुसरी म्हणते शनिवार नको, शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) असतो. दोन्ही बरोबर कसं? खरा शब्बाथ कोणता, आणि तो कधीपासून कधीपर्यंत धरायचा? जाणकारांनी सांगावं.

---

प्रेषक: ग्रंथालय विभाग
विषय: उत्तर: शनिवार की रविवार?

नमस्कार,
(बायबलच्या मराठीत 'मंडळी' म्हणजेच चर्च, त्यामुळे वरचा मायना या विषयाला आपसूकच शोभला.)

इथे दोन प्रश्न एकात मिसळतात. शब्बाथ कोणता वार? शनिवार, यावर फारसा वाद नाही. ग्रीक, रशियन, पोर्तुगीज या भाषांत शनिवारचं नावच शब्बाथवरून आलंय. खरा वाद पुढचा आहे: शब्बाथ पाळण्याची आज्ञा ख्रिस्ती माणसाला लागू आहे का, आणि असेल तर ती रविवारकडे सरकली का?

दहा आज्ञा (ही त्यांतलीच एक) शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दोनदा येतात आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. निर्गम २०:११ (पुस्तक, अध्याय, वचन) म्हणतं, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. अनुवाद (हेही बायबलमधलं पुस्तक) ५:१५ म्हणतं, तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास आणि देवाने तुला सोडवलं, म्हणून. पहिलं कारण धरलं तर आज्ञा साऱ्या मानवजातीची होते. दुसरं धरलं तर ती इस्राएलच्या कराराची खूण ठरते. पुढची बहुतेक भांडणं या दोन वचनांतूनच निघतात.

रविवारच्या बाजूने हटकून पुढे येणारी वचनं तपासून घ्यावीत. १ करिंथ १६:२ मध्ये प्रेषित पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःजवळ पैसे बाजूला काढून ठेवावेत असं सांगतो. सभेचा उल्लेख तिथे नाही. प्रेषितांची कृत्ये २०:७ मध्ये त्रोवस इथे पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमतात, पण पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतो आणि युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून पडतो. यहुदी रीतीने दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्या हिशेबाने ही आपली शनिवारची रात्र, रोमी हिशेबाने रविवारची. प्रकटीकरण १:१० मधला 'प्रभूचा दिवस' कोणता वार, हे तिथे लिहिलेलं नाही. माझ्या मते यांपेक्षा योहान २०:१९ आणि २०:२६ भक्कम: पुनरुत्थानाच्या दिवशी आणि पुन्हा आठ दिवसांनी शिष्य एकत्र असताना येशू येतो. ती आज्ञा नव्हे, पण प्रथा तिथून वाढली असावी.

'रविवार रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने लादला' हेही अर्धवट. त्याचा कायदा ७ मार्च ३२१ चा: न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांना सूर्याच्या दिवशी सुट्टी, शेतकऱ्यांना सूट, कारण पेरणीचा मोका हातचा जाऊ नये. पण ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर साधारण १५५ साली, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं आधी, सूर्याच्या दिवशीच्या सभेचा क्रम लिहून ठेवतो: वाचन, प्रबोधन, उभं राहून प्रार्थना, भाकर, द्राक्षारस व पाणी, आणि गैरहजर असलेल्यांना सेवकांकरवी वाटा. त्यात काम बंद ठेवण्याचा शब्द नाही. आधी सभा आली, सुट्टी फार मागाहून. या दोन गोष्टी एक मानल्या की चर्चा भरकटते.

---

प्रेषक: शनिवार पाळणारा सभासद
विषय: उत्तर: उत्तर: शनिवार की रविवार?

ताई,
कॉन्स्टंटाइनचा मुद्दा आमच्याच बाजूचे लोक बेफिकिरीने वापरतात, हे मान्य. 'रविवार सूर्यदेवाचा' हा युक्तिवादही सोडून द्यावा. मग शनिवार शनीचा नाही का?

पण इतिहास तुमच्या पत्रात लवकर संपला. लाओदिकीया इथल्या धर्मसभेचा (चौथं शतक) २९वा नियम सांगतो की ख्रिस्ती लोकांनी शब्बाथला यहुद्यांसारखं रिकामं बसू नये, काम करावं. कोणी बसतच नसतं तर मनाई कशाला लागली असती? त्याच सभेचा १६वा नियम शब्बाथला शुभवर्तमान वाचायला सांगतो. पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस नोंदवतो की जवळपास सगळ्या मंडळ्या दर शब्बाथला प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) करतात, रोम आणि अलेक्झांड्रिया सोडून. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर दोन्ही दिवस राखले. तिथे १४५० साली राजा झारा याकोबच्या काळात सभेने हा वाद मिटवला.

आता समितीला लागणारी माहिती. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. आधार लेवीय २३:३२, 'संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत'. ते वचन प्रायश्चित्ताच्या दिवसाचं आहे, पण मोजणी तीच धरतात. नहेम्या १३:१९ मध्ये शब्बाथपूर्वी अंधार पडू लागताच यरुशलेमच्या वेशी बंद होतात. अ‍ॅडव्हेंटिस्ट (शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ) लोक सुरुवातीला संध्याकाळी सहा ते सहा मोजत. १८५५ मध्ये जे. एन. अँड्र्यूज यांच्या अभ्यासानंतर सूर्यास्त ठरला.

नेहमी चुकतं ते असं. शुक्रवारी रात्री 'फक्त जेवण' ठेवलं तरी तो शब्बाथच असतो. तिकिटं, स्टॉल, पैशांची देवघेव, स्पर्धा हे त्या वेळेत चालत नाही. स्वयंपाक आदल्या दिवशी उरकतात (निर्गम १६:२३), नुसतं गरम करण्याबाबत घराघरांत फरक आहे. दवाखान्यातली सेवा चालते, मत्तय १२:१२ च्या आधाराने. आणि सूर्यास्त वेधशाळेच्या तक्त्यातला घ्यावा, म्हणजे सूर्याची वरची कड क्षितिजाखाली जाते ती वेळ. डोंगराआड सूर्य आधी गेला म्हणून शब्बाथ लवकर संपत नाही. मोबाइलवर पाहिलं तर गाव आणि तारीख दोन्ही तपासा, घड्याळं तासभर पुढेमागे होतात त्या आठवड्यात तर नक्कीच.

कलस्सै २:१६ ('सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोष लावू नये') कोणी टाकायच्या आधीच सांगतो: तिथले शब्बाथ लेवीय २३ मधले सणांचे, साप्ताहिक नव्हेत, असं आम्ही वाचतो.

---

प्रेषक: ग्रंथालय विभाग

दादा, तेच वचन टाकणार होते! पण त्यातला क्रम बघा: सण, चंद्रदर्शन, शब्बाथ. म्हणजे वार्षिक, मासिक, साप्ताहिक. यहेज्केल ४५:१७ मध्येही हेच त्रिकूट आहे. वार्षिक शब्बाथ 'सण' मध्ये आले, मग तिसरा शब्द पुन्हा त्यांच्याचसाठी कशाला? त्यावर तुमचं उत्तर असतं की पौल या गोष्टींना 'छाया' (पुढे येणाऱ्या ख्रिस्ताची नुसती सावली) म्हणतो आणि सृष्टीतला विसावा छाया असू शकत नाही. ते मला पटत नाही, पण हलकंही वाटत नाही. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये परराष्ट्रीयांना (यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना) चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत, शब्बाथचं बंधन त्यात नाही. मला हेच जास्त वजनदार वाटतं.

रविवार मानणारेही एका पठडीतले नाहीत. १५३०च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने (श्रद्धेची लेखी मांडणी) म्हटलं की रविवार शब्बाथच्या जागी आवश्यक म्हणून नेमला असं समजणं चूक, सोयीसाठी एक दिवस ठरवला इतकंच. १६४६च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने उलट रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ ठरवलं, विसाव्याच्या नियमासकट. त्या परंपरेत रविवारी खेळ-करमणूकही वर्ज्य. तेव्हा 'रविवारी दुपारी चालेल ना?' हे गृहीत धरू नका, विचारा.

कॅथलिकांची आणखी एक तऱ्हा. त्यांच्या चर्चच्या कायद्याच्या १२४८व्या कलमानुसार आदल्या संध्याकाळची मिस्सा (उपासना) रविवारची म्हणून चालते. त्यामुळे शनिवार संध्याकाळही काहींची अडलेली असू शकते, मात्र त्यांना रविवार सकाळचा पर्याय असतो.

---

प्रेषक: संकेतस्थळ विभाग

'मधे कॅलेंडर बदललं, मग सातवा दिवस कोणता कोण सांगणार?' हा प्रश्न हमखास येतो म्हणून: १५८२ मध्ये गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. तारखा दहा गळल्या, वार एकही नाही. ब्रिटनमध्ये १७५२ साली बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर, तिथेही तेच. ज्या कॅलेंडरांत आठवडा सोमवारपासून छापतात त्यांत रविवार सातव्या रकान्यात दिसतो. ते आंतरराष्ट्रीय प्रमाणाचं पान आहे, शास्त्राचं नव्हे.

वार खरोखर गळतो तो दिनांकरेषेवर. सामोआने २०११ मध्ये रेषेची बाजू बदलली. गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर. तिथल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांपुढे पेच पडला आणि बऱ्याच जणांनी जुनी मोजणी धरली, म्हणजे स्थानिक रविवारी शब्बाथ. टोंगात तर हे आधीपासूनच चालत आलंय. शनिवारवाले आणि रविवारवाले दोन्ही एकाच दिवशी उपासनेला, कारणं मात्र निराळी.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

सर्वांचे आभार. शुक्रवार रात्र आणि रविवार सकाळ बाद. शनिवारी सूर्यास्तानंतर पाऊण तासाने सुरुवात करावी म्हणतो, मांडामांड आणि तिकीटविक्रीही सूर्यास्तानंतरच. चालेल?

---

प्रेषक: शनिवार पाळणारा सभासद

चालेल, पण महिना बघून. लंडनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य चारच्या आत मावळतो, तर २१ जूनला सव्वानऊ उलटून जातात. उन्हाळ्यात हाच नियम लावला तर पहिला पडदा रात्री दहाला उघडेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शनिवार धरा.