वाफेचं जुनं इंजिन: रंगवून चालू करावं की गंजासकट राखावं?

खाडीकाठ (प्रश्न)

राजापूर तालुक्यात आमच्या सामाईक जागेत, बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागच्या पडवीत चाकांवरचं वाफेचं इंजिन उभं आहे. पाटीवर मार्शल, सन्स अँड कंपनी, गेन्सबरो असं आहे. एक सिलिंडर, बोअर साडेआठ इंच, स्ट्रोक बारा इंच. खाली लोकोमोटिव्ह पद्धतीचा बॉयलर, त्याच्याच पाठीवर इंजिन. खाडी अर्ध्या किलोमीटरवर.

सध्याची अवस्था: स्मोकबॉक्सचा (धुराड्याखालच्या पेटीचा) तळ सडून हाताच्या पंजाएवढं भोक पडलंय. फ्लायव्हील हलत नाही. गेज ग्लास आणि तेलाच्या पितळी कुप्या गायब. सेफ्टी व्हॉल्व्ह, गव्हर्नर, फीड पंप जागेवर आहेत. बॉयलरवरचं पत्र्याचं वेष्टण अर्धं शाबूत. चाकांच्या आऱ्यांवर मागच्या बाजूला लाल रंग दिसतो.

चुलत्यांचं म्हणणं, सँडब्लास्ट करून झकास रंगवू आणि गणपतीत वाफेवर चालवून दाखवू. धाकटा चुलतभाऊ म्हणतो हात लावू नका, गंज हाच त्याचा इतिहास. दोघांच्या बोलण्यात तथ्य वाटतं म्हणून निर्णय अडलाय. जाणकारांनी कारणांसकट सांगावं.

वाफभट्टी

आधी एक गोष्ट वेगळी करा. तुमच्याकडे एक वस्तू नाही, दोन आहेत. वरचं इंजिन हे यंत्र आहे आणि खालचा बॉयलर हे दाबाचं भांडं आहे. "दुरुस्त करावं की नाही" याचं उत्तर दोघांसाठी निरनिराळं येतं. वाद बहुतेक वेळा अडतो तो दोन्ही एकत्र धरल्यामुळे.

बॉयलरबद्दल: गणपतीत वाफ धरायचा विचार सोडून द्या. "थोडीशीच वाफ करू, दोन किलोपर्यंत" (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो दाब) हेही नको. अशा इंजिनांचा कामाचा दाब ७ किलोच्या आसपास असायचा. त्या दाबाला आतलं पाणी १७० अंशांवर असतं. प्लेट फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा आठवा-सातवा हिस्सा क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची सुमारे १६०० लिटर वाफ. बॉयलरमध्ये शेकडो लिटर पाणी असतं, त्यावरून हिशेब करा. दोन किलोला पाणी १३० अंशांच्या पुढे असतं, म्हणजे धोका कमी होतो, संपत नाही.

कायद्याची बाजू: २५ लिटरहून जास्त पाणी मावणारा आणि १ किलोहून जास्त दाबाचा बॉयलर नोंदणी आणि चालू प्रमाणपत्राशिवाय पेटवता येत नाही. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे, पण हा मुद्दा तसाच आहे. आपल्याकडे हे काम बाष्पके संचालनालयाकडे असतं. फायरबॉक्सच्या (भट्टीच्या) तोंडाजवळच्या प्लेटवर जुना नोंदणी क्रमांक ठोकलेला असू शकतो. तारेच्या ब्रशने नाही, रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसून शोधा. क्रमांक, जुनी प्रमाणपत्रं, ड्रॉइंग यातलं काहीच नसेल तर नव्याने नोंदणी फार जड जाते.

तरीही बॉयलर कुठल्या अवस्थेत आहे हे मोजून घ्या. लोटे-परशुराम, खेर्डीच्या कारखान्यांत बॉयलर तपासायला यूटीवाले (अल्ट्रासॉनिक लहरींनी प्लेटची जाडी मोजणारे) येत असतात, त्यांना एक दिवस बोलवा. मोजायच्या जागा अशा: बॅरलचा (बॉयलरच्या गोल नळकांड्याचा) तळ, म्हणजे घड्याळात पाच ते सातमधला भाग. फायरबॉक्सच्या खालच्या रिंगच्या लगेच वर. मडहोलच्या (गाळ काढायच्या भोकांच्या) झाकणांभोवती. पाण्याची पातळी राहायची ती रेघ. आणि रिव्हेटच्या जोडाच्या कडेने, आतून. शेवटची जागा सगळ्यात घातक, कारण प्लेट तिथे वर्षानुवर्षं किंचित वाकत राहते आणि आतल्या बाजूला चर पडतो, जो बाहेरून दिसत नाही.

यूटीवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: प्लेट जुन्या रॉट आयर्नची (घडीव लोखंडाची) असेल तर तिच्यात स्लॅगचे थर असतात. लहरी मधल्या थरावरूनच परततात आणि साडेनऊ मिमीची प्लेट साडेचार दाखवते. त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नका, आजूबाजूच्या १०० मिमीच्या चौकटीत दहा-बारा मापं घ्या.

फायरबॉक्सचे स्टे (प्लेटांना एकमेकींशी बांधणारे दांडे) हातोडीने वाजवून बघा. धड असलेला खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. मध्ये शिशाचा प्लग असेल तर त्याला हात लावू नका.

जुनं_लोखंड

वरच्यांशी पूर्ण सहमत. आता गंजाबद्दल.

धाकट्या भावाचा मुद्दा देशावर, कोरड्या हवेत बराचसा चालला असता. खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर "हात न लावणं" म्हणजे हळूहळू भंगारात देणं. इथल्या गंजात मीठ आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उन्हाळ्यातही खड्ड्यांच्या तळाशी लोखंड ओलंच राहतं. पण चुलत्यांचा सँडब्लास्ट त्याहून वाईट. तो गंजाबरोबर जुना रंग, पट्ट्यांच्या रेघा, भागांवर ठोकलेले नंबर, ओतकामाच्या खुणा सगळं घेऊन जातो. त्यात आपल्याकडे किनाऱ्याची रेती वापरली जाते, म्हणजे मीठच आत मारायचं. शिवाय त्या धुळीने माणसाची फुप्फुसं जातात. आणि मीठ आत ठेवून वरून रंग मारला की पहिल्याच पावसाळ्यानंतर रंगाखाली फोड येतात, फोड फोडला की आत ओली काळी खपली.

मीठ आहे का हे घरी बघता येतं. गंजाची सुटी खपली काढा, खड्ड्यात बॅटरीच्या पाण्याचे (डिस्टिल्ड वॉटरचे, अॅसिडचे नव्हे) चार-पाच थेंब टाका, दोन मिनिटांनी ड्रॉपरने काचेवर घ्या. त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा एक थेंब. पाणी दुधाळ झालं की मीठ आहे. नळाचं किंवा विहिरीचं पाणी या चाचणीला चालत नाही, ते तसंही दुधाळ होतं.

मीठ काढायला पाणीच लागतं, आणि भरपूर. खाडीकाठच्या विहिरी मचूळ असतात, त्या पाण्याने धुवू नका. पागोळ्यांचं पाणी सगळ्यात चांगलं, पण पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाल्यावरचं, कारण सुरुवातीला कौलांवरचं मीठ त्यातच उतरतं. श्रावणात दोन-तीन पिंपं भरून झाकून ठेवा आणि धुण्याचं काम दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात काढा. पावसाळ्यात धुतलं तर वाळणार नाही आणि नवा गंज चढेल. गरम पाणी, नायलॉनचा ब्रश, प्रत्येक भाग चार-पाच वेळा, दर वेळी वाळवून पुन्हा चाचणी.

त्यानंतर टॅनिक अॅसिड: एक लिटर बॅटरीच्या पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, वर थोडं स्पिरिट म्हणजे ते खड्ड्यात शिरतं. ब्रशने घासत तीन हात, मध्ये एकेक दिवस. गंज निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई ज्या रसायनाने काळी व्हायची तेच हे. थेट हिरड्याचा काढा लावू नका, त्यातलं टॅनिनचं प्रमाण हातात राहत नाही. पितळ, क्रँकशाफ्ट, पिस्टन रॉड यांना हे लागू देऊ नका. तिथे फक्त ग्रीस.

वरून आवरण: एक भाग लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीची चरबी), तीन-चार भाग टर्पेंटाइन. ते कधी पूर्ण कडक होत नाही, म्हणूनच खाऱ्या हवेत टिकतं, पण धूळ चिकटते आणि दर वर्षी पावसाआधी पुन्हा लावावं लागतं. उकळलेलं जवसाचं तेल जास्त सुबक दिसतं, पण आपल्या हवेत त्यावर बुरशी धरते. ते वापरलंच तर फडकी ढिगात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा उन्हात एकेक पसरा.

आऱ्यांवरच्या लाल रंगाला काहीही करायच्या आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जुना रंग अजून कुठे सापडेल: पाटीच्या मागे, वेष्टणाच्या पट्ट्यांखाली, बेअरिंगच्या टोप्यांखाली. रेड लेडचा (शिशाच्या शेंदरी रंगाचा) अस्तर असेल तर तो विषारी आहे, सुका घासू नका.

आटे_आणि_पाने

बॉयलर निवृत्त करा, मान्य. पण इंजिन फिरलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. न फिरणाऱ्या यंत्राची देखभाल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थांबते. वंगण कुठे पोचतं, एक्सेंट्रिक (क्रँकशाफ्टवरची केंद्राबाहेरची चकती) व्हॉल्व्हला कसा ओढतो, हे फिरत्या यंत्रावरच पुढच्या पोरांना कळतं. तैलचित्रासारखं राखायला ही वस्तू केलेलीच नाही.

फ्लायव्हील हलत नाही म्हणजे पिस्टनच अडकलाय असं धरू नका. आधी कनेक्टिंग रॉड क्रँकवरून सोडा. चाक फिरलं तर दोष सिलिंडरकडे. नाही फिरलं तर मुख्य बेअरिंग किंवा एक्सेंट्रिकचे पट्टे धरलेत. आऱ्यांमध्ये पहार घालून चाक कधीच ओढू नका, बीड आहे, आरी केंद्राजवळ तडकते. रुंद पट्टा कडेवर गुंडाळून ओढा.

पिस्टन अडकला असेल तर व्हॉल्व्ह चेस्टचं झाकण आधी, सिलिंडरचं मागून. एसीटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं, दोन्ही बाजूंनी. हे मिश्रण लगेच वेगळं होतं, प्रत्येक वेळी हलवूनच ओता. एसीटोनजवळ आग नको. दर दोन दिवसांनी, दोन-तीन आठवडे. मग बोअरपेक्षा किंचित लहान लाकडी चकती पिस्टनवर बसवून तिच्यावर ठोके, घणाचे नाहीत, लाकडी मोगरीचे. सरकला की लगेच पुढे रेटू नका, परत मागे आणा, गंजाचा चुरा पुसून काढा. नाहीतर तोच चुरा बोअरवर ओरखडे पाडतो.

नट-बोल्टांचे आटे व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) आहेत. अर्धा इंचाला १२ आटे, आणि बाजारातल्या यूएनसीला (अमेरिकी मापाला) १३. दोन फेरे बसतो आणि मग अडतो, त्यावर पाना मारला की स्टड गेला. पाच अष्टमांश आणि पाऊण इंचाला आट्यांची संख्या जुळते, पण कोन ५५ ऐवजी ६० अंश असतो, म्हणून बसतो आणि फसवतो. तुटका स्टड असेल तर लेथवर करून घ्या. मेट्रिक टॅप मारून "सोय" करू नका, ती खूण कायमची जाते.

फिरवायचं कॉम्प्रेस्ड हवेवर. हवा बॉयलरमध्ये अजिबात भरायची नाही. दाबलेल्या हवेने बॉयलर फुटला तरी जीव जाऊ शकतो. सिलिंडर आणि बॉयलर यांच्यामधला वाफेचा मार्ग ८ मिमीची आंधळी (भोक नसलेली) प्लेट आणि गॅस्केट घालून बंद करा आणि हवा थेट व्हॉल्व्ह चेस्टला द्या. बिनभाराने १ ते दीड किलो पुरतं. पण हवा किती लागते ते बघा: तुमच्या मापाला प्रत्येक फेऱ्यात सुमारे २२ लिटर. मिनिटाला ३० फेरे आणि एक किलो दाब धरला तर साधी हवा १३०० लिटरच्या वर, म्हणजे पन्नास सीएफएमच्या (मिनिटाला पन्नास घनफुटांच्या) आसपास, गळती वेगळी. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दोन मिनिटांत दमेल. विहिरीच्या आणि चिऱ्याच्या खाणीच्या कामाला ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, तो बोलवा. मध्ये रेग्युलेटर, पाण्याचा सापळा आणि दोन किलोला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. या तिन्हींशिवाय नळी जोडू नका. गणपतीत गावाला दाखवायचं ते असं दाखवा, धूर नसेल एवढंच.

जुनं_लोखंड

@आटे_आणि_पाने, फिरवण्याला विरोध नाही, पण क्रम उलटा नको. आधी नोंद, मग मीठ, मग सुटं करणं. एकदा उघडलं की कुठला शिम (फटीतली पातळ पत्री) कुठे होता हे आठवत नाही. आणि बेअरिंगमध्ये झिजेच्या खुणा असतील तर नवा पांढरा धातू (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) ओतून "नवं" करू नका. तीस फेऱ्यांना जुनी बेअरिंग सहज चालतात.

सामाईक_घर

एक व्यवहाराची गोष्ट. सामाईक वस्तू आहे, तर सगळ्या हिस्सेदारांच्या सहीचा एक कागद आताच करा: विकायचं नाही, सुटे भाग कुणी घरी न्यायचे नाहीत, खर्च कसा वाटायचा. पाटी, गव्हर्नर, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नंबर घालून कुलपात ठेवा. पितळ पडवीत टिकत नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, घरात हा धागा वाचून दाखवला. चुलत्यांना हवेवर चालवणं पटलंय. दोन शंका. वेष्टणाच्या पत्र्याखाली पुढच्या भागात लाकडी पट्ट्या आहेत, पण मागे राखाडी-पांढरा मऊ लेप आहे, तो काढायचा का? आणि पावसाळ्यापुरतं ताडपत्रीने बांधून ठेवलं तर चालेल?

वाफभट्टी

लेपाला हात लावू नका. तो अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. मडहोलच्या झाकणांची दोरीही अॅस्बेस्टॉसची असू शकते. पाण्यात साबणाचे थेंब टाकून तो भाग ओला करा, नखाएवढा तुकडा दुहेरी पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवा. तोवर उघड्या कडा ओल्या फडक्याने झाकून वर प्लॅस्टिक चिकटवा. कापडी मास्क याला उपयोगाचा नाही. अॅस्बेस्टॉस निघाला तर तो काढणं घरच्यांचं काम नाही. बॅरलची मापं तोवर लाकडी पट्ट्यांच्या बाजूने घ्या.

ताडपत्रीने बांधू नका. आत दव साठतं, उघड्यावर गंजेल त्याहून लवकर गंजतं. कौलं किंवा पत्र्याचं छप्पर, पाखा नैऋत्येला खाली उतरलेला, आणि त्या एकाच बाजूला झापं. बाकी तीन बाजू वाऱ्याला मोकळ्या. चाकं मातीवर नको: जांभ्याच्या चिऱ्यावर लाकडी ओंडके, आणि आसाखाली टेकू देऊन वजन चाकांवरून उतरवा. धुराडं बिजागरीवर मागे दुमडतं, तसं ठेवा. उभंच असेल तर तोंडाला टोपण हवं, कारण तुमच्या स्मोकबॉक्सचा तळ तिथूनच सडलाय. राखेत गंधक असतं, त्यात पावसाचं पाणी मिसळलं की सौम्य आम्ल होतं. ती राख आताच, पावसाआधी, खरवडून काढा. ट्यूबांमधलीही. आणि दोरीत अॅस्बेस्टॉस नाही हे कळल्यावर बॉयलरची सगळी मडहोल उघडी ठेवा, पण तोंडांना जाळी लावा, नाहीतर पावसात साप आत जातात.