पोथीतील लाल शाई टीईआयमध्ये कशी नोंदवावी?

प्रश्न
नमस्कार. एका मराठी पोथीचे मी टीईआयनुसार, म्हणजे मजकुरात खुणा घालून त्याची संगणकीय प्रत तयार करण्याच्या प्रमाण पद्धतीनुसार, अंकन करीत आहे. ओव्यांचे क्रमांक हिंगुळाच्या लाल शाईत असून चुकलेली अक्षरे पिवळ्या हरताळाने झाकली आहेत. हे 'रेंड', 'रेंडिशन' की 'स्टाइल' या गुणधर्मात लिहावे?

उत्तर १
तिन्ही गुणधर्म मूळ प्रत कशी दिसते हे सांगतात. ती पडद्यावर कशी दाखवावी, हे नव्हे. 'रेंड'मध्ये आपण ठरवलेले सुटे शब्द येतात, 'स्टाइल'मध्ये सीएसएससारख्या (संकेतस्थळांचे दृश्यरूप सांगणाऱ्या) औपचारिक भाषेतील वर्णन येते, तर 'रेंडिशन' फाइलच्या शीर्षभागात एकदाच लिहिलेल्या वर्णनाकडे निर्देश करतो. क्रमांक सर्वत्र सारखेच लाल असतील, तर मी निःशंकपणे 'रेंडिशन' निवडेन, कारण पुढे वर्णन सुधारायचे झाल्यास ते एकाच ठिकाणी सुधारावे लागते.

उत्तर २
हरताळाचा विचार मात्र वेगळा करावा. तो केवळ रंग नाही. लेखकूने मजकूर रद्द केल्याची ती खूण आहे. म्हणून तेथे 'डेल' हा रद्द मजकूर दाखवणारा घटक वापरावा आणि रद्द करण्याची रीत त्याच्या 'रेंड'मध्ये लिहावी. नुसता पिवळा रंग नोंदवला, तर रद्द अक्षरे शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागणार नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सोबतच्या मोडी पत्रांत ओळभर सलग शिरोरेषा आहे. तीही प्रत्येक ओळीला नोंदवावी का?

उत्तर १
नको. तो मोडी लेखनाचाच विशेष आहे. शीर्षभागातील हस्तलिखित-वर्णनात लिपीविषयी लिहिताना तो एकदा सांगावा. रेषा जेथे तुटली असेल, तेवढी ठिकाणे अवश्य नोंदवावीत.